सत्तावीस एकर आणि उत्तरेचा उजेड

एक पौंड कापसातून किती लांब धागा निघेल? सूतगिरणीत याचा हिशेब नंबरावर चालतो. ८४० वारांची एक लडी, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे २६ नंबरचं सूत घेतलं तर अर्ध्या किलोहूनही कमी कापसातून २१,८४० वार धागा निघतो. जवळजवळ २० किलोमीटर! कोल्हापुरातून त्याचं एक टोक धरून चालू लागलं तर ते पन्हाळ्यापर्यंत पुरावं. हातात मावणाऱ्या बोळ्यातून गडापर्यंतचा धागा, आणि अशा हजारो चात्या एका छपराखाली दिवसरात्र फिरणाऱ्या. हे ज्या इमारतीत घडायचं तिचं अंगही त्या कामासाठीच घडवलेलं असायचं. म्हणूनच बंद पडलेल्या गिरणीकडे नुसता मोकळा प्लॉट म्हणून बघणं मला पटत नाही.

कोल्हापूरच्या मधोमध, कोटीतीर्थ तलावाशेजारी अशी एक गिरणी उभी आहे, शाहू मिल. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली तिची स्थापना केली. शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये पोहोचली होती आणि गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी १८९५ मध्ये वसली होती. माल आणायची आणि न्यायची सोय झाली, बाजार आला, आणि मग कारखाना आला. पुढे संस्थान विलीन झालं, गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००३ मध्ये बंद पडली. मागे राहिले सुमारे २७ एकर, दगडी इमारती आणि एक उंच चिमणी.

तेव्हापासून या जागेचं काय करायचं हा प्रश्न शहरात घोळतोय. मधे गारमेंट पार्कची चर्चा झाली, मग राजर्षी शाहूंच्या स्मारकाची मागणी पुढे आली, आराखडे झाले. मला वाटतं, आराखड्याला हात घालण्याआधी गिरणी कशी चालते ते समजून घ्यावं. उत्तराचा मोठा भाग तिच्याच अंगात आहे.

उजेडापासून सुरुवात करू. मागावर उभ्या असलेल्या माणसाला तुटलेला धागा ताबडतोब दिसायला हवा, नाहीतर कापडात दोष पडतो. त्यासाठी भरपूर उजेड हवा, पण ऊन नको. ऊन सरकतं, त्याबरोबर सावल्या सरकतात, डोळे दिपतात, शिवाय सूत वाळतं. विजेचे दिवे घरोघरी पोहोचण्याच्या आधीच गिरणी बांधणाऱ्यांनी यावर तोडगा काढला होता. छपराला करवतीसारखे दाते करायचे. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, कौलांची किंवा पत्र्याची. दुसरी जवळपास उभी, काचेची. आपल्या उत्तर गोलार्धात काचेची बाजू उत्तरेला ठेवायची. सूर्य बहुतेक वर्ष दक्षिणेच्या अंगानं फिरतो, त्यामुळे काचेतून आत येतो तो फक्त आभाळाचा उजेड. शांत, सारखा, बिनसावलीचा.

'बहुतेक वर्ष' असं म्हटलं, कारण कोल्हापूर विषुववृत्तापासून १७ अंशांच्याही आतच आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य इथं डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात. पण त्यातले बरेचसे दिवस पावसाळी ढगांचे. म्हणजे ज्या महिन्यांत उत्तरेच्या काचेतून ऊन शिरायची भीती, नेमक्या त्याच महिन्यांत आभाळानं पडदा ओढलेला असतो. इंग्लंडातल्या लँकेशायरात रूढ झालेलं हे छप्पर आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशीही चालून जातं ते असं.

आता विचार करा, हाच उजेड आणखी कोणाला लागतो? चित्रकाराला! जगभरचे चित्रकार आपल्या स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागतात, कारण त्या उजेडात रंग सकाळी एक आणि दुपारी एक असा बदलत नाही. कोल्हापूर तर आबालाल रहिमान यांचं गाव, बाबूराव पेंटरांचं गाव. पेंटरांनी इथंच स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्या शहराला लोक कौतुकानं कलापूर म्हणतात, त्या शहराच्या पोटात विणकरासाठी जमवलेला चित्रकाराचा उजेड मिळू शकतो, या योगायोगाचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात आणखी एक भर. काच उत्तरेला म्हटल्यावर दात्याची उतरती बाजू आपोआप दक्षिणेला येते, आणि सौर पॅनेलला आपल्याकडे दक्षिणेचाच उतार हवा असतो. एकच छप्पर एका अंगानं उजेड देतं आणि दुसऱ्या अंगानं वीज देऊ शकतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे छप्पर आखणाऱ्याच्या स्वप्नातही ते नसणार.

उजेडानंतर दमट हवा. बहुतेक तंतू ओले झाले की कमकुवत होतात; कापूस उलटा, ओलाव्यात तो बळकट होतो. कोरड्या हवेत सूत कडक होतं, त्यात स्थिर वीज साठते आणि ते तटातट तुटतं. म्हणून माग खात्यात हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांपर्यंत ठेवावी लागते. फवारे, ओल्या हवेचे मार्ग, बॉयलरला पाणी, वाफ थंड करायला पाणी. गिरणीजवळ पाणी लागतंच. सुताला मानवणारी ही हवा माणसाला मात्र मानवत नसे. दमट उकाडा, फुप्फुसात जाणारी कापसाची धूळ, कानठळ्या बसवणारे माग हे सगळं तिथं राबणाऱ्या पिढ्यांनी सोसलं आहे. तिथं उद्या जे काही उभं राहील त्यात या माणसांची नोंद असायलाच हवी.

आणि चिमणी? ती धूर वर सोडायला असते असं आपण समजतो. ते खरं, पण तिचं मोठं काम खाली चालायचं. आतला धूर तापलेला, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा बराच हलका. चिमणी उंच असेल तितका आतल्या हलक्या आणि बाहेरच्या जड हवेच्या दाबातला फरक वाढतो आणि बॉयलरच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. चाळीस मीटर उंचीच्या चिमणीत तापलेल्या धुराचा हा ओढा मोजला तर तो जेमतेम दोन सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतका भरतो. एवढाच! पण तेवढ्यावर भट्टी धगधगते, कुठलाही पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. न दमणारी, उलट्या बाजूनं ओढणारी फुंकणीच ती. चिमणी पाडून तिच्या जागी काही बांधलं तर फार तर दोन खोल्यांची जागा मिळेल. ठेवली तर शहरातल्या पोरांना भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा उभा मिळेल, आणि आपण कुठं आहोत हे लांबूनही कळेल.

जुन्या गिरण्यांमधले बिडाचे खांबही बघण्यासारखे असतात. बरेचसे आतून पोकळ. दोन दात्यांमधल्या पन्हळीत साठलेलं पावसाचं पाणी याच पोकळीतून खाली उतरवलं जाई. छप्पर पेलणारा खांब आणि पावसाची नळी एकच. जमीन अवजड यंत्रं आणि त्यांची थरथर सोसेल अशी केलेली, आणि खांबांमधलं अंतर भरपूर, कारण यंत्रांच्या रांगा बसवायच्या असत. म्हणूनच अशा शेडमध्ये ग्रंथालयही मावतं, कार्यशाळाही मावते, बाजारही मावतो. फ्लॅटसाठी बांधलेल्या इमारतीत पुढे दुसरं काही करायचं म्हटलं तर भिंती आडव्या येतात. गिरणीच्या शेडला आतून भिंतीच नसतात.

गिरणीची एक गोष्ट मात्र नव्या वस्तीच्या मुळावर येते. तिची कंपाउंड भिंत. कारखान्याला एकच फाटक सोयीचं असतं. हजेरी तिथं, तपासणी तिथं, भोंगा झाला की आत आणि भोंगा झाला की बाहेर. भोवताली शहर वाढत जातं तेव्हा त्याच्या गल्ल्या या भिंतीपाशी येऊन मरतात. हिशेब करून बघा. २७ एकर म्हणजे लाखाच्या थोडं वर, सुमारे १ लाख ९ हजार चौरस मीटर. तो चौरस कल्पिला तर प्रत्येक बाजू ३३० मीटर. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला भिंतीला वळसा घालून जायचं तर ६६० मीटर, मधून वाट असेल तर ४७० पेक्षाही कमी. शाळेतल्या मुलाला, भाजीची पिशवी घेतलेल्या आजीला हा फरक रोज दोनदा पायात जाणवतो. जुन्या औद्योगिक जागेचं शहर करायचं म्हणजे सगळ्यात आधी तिच्यातून वाटा पाडायच्या. इमारती त्यानंतर.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकामागे हे फार विचारपूर्वक झालं. ६७ एकरांची ही जागा कोळसा, धान्य आणि गॅसची होती. रेल्वेनं आलेला माल उतरवायचा, साठवायचा, गावात पाठवायचा. विसाव्या शतकात ते काम संपलं आणि जागा ओसाड पडली. २००६ मध्ये नव्या आराखड्याला परवानगी मिळाली तेव्हा त्यात रस्ते आणि चौक आधी आखले होते. १८५२ च्या धान्यकोठारात २०११ मध्ये कला महाविद्यालय आलं. गॅसच्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे सुटे करून, दुरुस्त करून पुन्हा उभारले आणि त्यांच्या वर्तुळात घरं बांधली. एका सांगाड्यात नुसती हिरवळ ठेवली. घरं, कार्यालयं, दुकानं, कॉलेज आणि मोकळ्या जागा तिथं एकमेकांना चिकटून आहेत. जर्मनीतल्या एसेन शहरातल्या त्सोलफेराइन कोळसा खाणीची गोष्ट वेगळी. ती १९८६ मध्ये बंद झाली, आणि कोळसा धुण्याची अजस्र इमारत आज त्या प्रदेशाचं संग्रहालय आहे. २००१ मध्ये या खाणीच्या संकुलाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा मात्र मुंबईच्या गिरणगावचा, आणि तो सांगताना घसा दाटतो. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंड पडल्या आणि बेटाच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन मोकळी व्हायला आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं ढोबळमानानं तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला उद्यानं-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर किती सरळ! पण यात एक फट होती. वाटणी व्हायची ती गिरणी पाडून जमीन विकासाला काढली तर. जुन्या इमारतीतच नवा धंदा थाटला तर नाही. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडा सुचवला. सगळ्या जागा जोडून बघितल्या तर सलग मैदानं, नवे रस्ते, स्थानकांकडे जाणाऱ्या मोठ्या वाटा शक्य होत्या. तसं झालं नाही. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी म्हणजे बहुतांश छपराखालचीच जमीन, त्यामुळे शहराच्या वाट्याला तुकडे आले. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये शहराची बाजू घेतली, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मनोरे उभे राहिले, मॉल आले, कार्यालयं आली, आणि हजारो नवे कर्मचारी जुन्याच अरुंद जिन्यांवरून ये-जा करू लागले. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसं गेली. प्रत्येक गिरणीचा प्लॉट आपापल्या फाटकाआड वेगळा विकसित झाला, पण गिरण्यांना जोडणारं शहर कोणीच बांधलं नाही. कोल्हापूरकरांनी यातून एक गोष्ट घ्यावी: शाहू मिलची जमीन सरकारच्या हातात आहे, एकच आहे, सलग आहे. मुंबईला जे शेकडो एकरांत साधलं नाही ते इथं २७ एकरांत साधू शकतं.

मिश्र वापराची वस्ती म्हणजे काय, हे समजायला कोल्हापूरकराला परदेशात जावंच लागत नाही. पहाटे तालमीत जोर-बैठका सुरू होतात. दिवस वर आला की महाद्वार रोडची दुकानं उघडतात, वर माणसं राहतात. दुपारी गुजरीत सोनाराचा हात चालतो. रात्री गंगावेशीत म्हशींच्या रांगा लागतात आणि धारोष्ण दुधाचे पेले हातोहात फिरतात. एकाच पेठेत दिवसाच्या प्रत्येक प्रहराला कोणी ना कोणी रस्त्यावर असतं. अमेरिकेतल्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या वेळी माणसं येतात तेव्हाच रस्ता सुरक्षित आणि बाजार जिवंत राहतो. नव्या धंद्याला जुन्या इमारती लागतात हेही त्यांनीच दाखवून दिलं, कारण नव्या इमारतीचं भाडं पेलण्याइतकी कमाई होतकरू माणसाची सुरुवातीला नसते.

म्हणून नुसत्या स्मारकाची कल्पना मला अपुरी वाटते. शाहू महाराजांनी काय बांधलं ते आठवा. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं बांधली. मुस्लिम बोर्डिंगही या गिरणीच्याच वर्षी, १९०६ मध्ये, सुरू झालं. बाजारपेठ बांधली, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, खासबागेचं कुस्ती मैदान आणि पॅलेस थिएटर उभारलं. लोक जिथं शिकतील, राबतील, कुस्ती बघतील, नाटक बघतील अशा या जागा. त्यांच्या नावाच्या जागेत संध्याकाळी सातला कुलूप लागणारं उद्यान आणि एक पुतळा एवढंच असेल, तर ते त्यांच्या स्वभावाला धरून होणार नाही. तिथं मुलींचं वसतिगृह हवं. चपला, चांदी, कापड यांच्या कारागिरांना परवडणारे गाळे हवेत, शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांच्या मुलांना नवं यंत्र शिकता येईल अशी कार्यशाळा हवी. चित्रकारांना उत्तरेचा उजेड मिळावा, कामगारांच्या आठवणींचं संग्रहालय असावं. आणि माफक भाड्याची घरंही हवीत, कारण रात्री तिथं दिवे लागायचे तर तिथं राहणारी माणसं हवीत.

कोल्हापूरला ही जमीन किती मोलाची आहे? १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीचा वाद चालू आहे आणि शहर दाटत चाललंय. मधोमध २७ एकर सलग जागा पुन्हा कधी मिळायची नाही. पाण्याचाही हिशेब आहेच. इतक्या जागेवर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर जवळपास ११ लाख लिटर पाणी होतं. सगळीकडे काँक्रीट ओतलं तर ते गटारात धावेल. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर पाहिलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. मोकळी माती, झाडं आणि छपरांचं पाणी साठवायची टाकी असेल तर त्यातलं बरंच पाणी तिथंच जिरेल. मातीची तपासणी मात्र आधी करावी लागते. जुन्या कारखान्यात तेल, रंग, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, ट्रान्सफॉर्मरमधली रसायनं असू शकतात, आणि मुलांच्या खेळाचं मैदान करण्याआधी त्या जागेच्या पोटात काय मुरलंय ते कळायलाच हवं.

जुनं वाचवायची ओढ या शहरात आहेच. जयप्रभा स्टुडिओसाठी लोक रस्त्यावर उतरले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे तेच जुनं पॅलेस थिएटर, आगीत जळालं तेव्हा शहर रडलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ते पूर्वीसारखं उभं करण्याचं बोलू लागलं.

शाहू मिलच्या बाबतीत तर एक चाचणीही होऊन गेली आहे. २०२२ मध्ये राजर्षींच्या स्मृतिशताब्दीचं कृतज्ञता पर्व झालं. ६ मे रोजी सकाळी दहाला सारं शहर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं, आणि त्याच पर्वात शाहू मिलचं फाटक उघडून आत प्रदर्शनं आणि कार्यशाळा भरल्या. म्हणजे आराखडा पुरा होण्याआधीही ही जागा लोकांच्या उपयोगी पडू शकते. किंग्ज क्रॉसमध्येही बांधकाम चालू असताना मोकळ्या तुकड्यांवर फिरत्या बागा होत्या, काही काळ पोहण्याचं तळंही होतं, आणि कोणत्या जागेत माणसं थांबतात हे त्यातून नियोजनकारांना कळत गेलं. इथंही एका शेडचं छप्पर आणि काचा नीट करून, वीज-पाणी-स्वच्छतागृहाची सोय करून ती वर्षभर कलाकार आणि कारागिरांना द्यावी, आणि कंपाउंडच्या भिंतीला समोरासमोर दोन फाटकं पाडून दिवसा वाट खुली ठेवावी. कोण कुठून येतं, कुठं रेंगाळतं, कुठल्या वेळी गर्दी होते हे वर्षभर मोजावं. बाकीच्या एकरांचा नकाशा त्यानंतर काढावा.